बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू व दलित समाजातील एक नेते होते. डावखुऱ्या मंदगती फिरकी गोलंदाजीसाठी ते विख्यात होते. पुणे व मुंबई येथील हिंदू संघांकडून ते सुमारे पाव शतक खेळले. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघात त्यांचा समावेश होता आणि त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी मिळवले. इंग्रजी वृत्तांतांत व धावफलकांवर त्यांचा उल्लेख पी. बाळू असा आढळतो.

चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळू यांना तत्कालीन रूढीनुसार अस्पृश्य मानले जात होते. मैदानावरील त्यांचे कर्तृत्व सर्वमान्य असूनही चहापान, भोजन आणि संघाचे नेतृत्व या बाबतींत त्यांना दीर्घकाळ भेदभाव सहन करावा लागला. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघे धाकटे बंधूही नामवंत क्रिकेटपटू होते. उत्तरायुष्यात बाळू यांनी राजकारणात भाग घेतला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी असून १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरोधात उभे राहिले होते.

बालपण व कुटुंब

पालवणकर हे आडनाव कुटुंबाच्या कोकणातील मूळ गावावरून आले. बाळू यांचे वडील लष्करी नोकरीत होते. एकोणिसाव्या शतकात महार, चर्मकार आदी समाजांतील अनेक कुटुंबे लष्कर, छावण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने यांतील नोकऱ्यांमुळे गावगाड्याबाहेर पडली. पगार, थोडेफार शिक्षण आणि शहरी वस्ती या तिन्ही गोष्टी त्यांना या नोकऱ्यांतून मिळाल्या. पालवणकर कुटुंबही याच मार्गाने पुण्यात आले.

पुण्याच्या लष्कर भागात त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांचे क्रिकेट नियमित चालत असे. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू व शिवराम हे दोघे भाऊ खेळू लागले. शालेय शिक्षण फार पुढे जाण्याआधीच बाळू यांना कामाला लागावे लागले.

पुण्यातील उमेदवारी

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि सभासदांना अधूनमधून चेंडू टाकणे ही कामे त्यांच्याकडे असत. त्यासाठी त्यांना महिना ३ रुपये वेतन मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये रुजू झाले. तेथे वेतन ४ रुपये झाले. जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे व तिची निगा राखणे ही त्यांची कामे होती. आठवड्यातील बहुतेक दिवस खेळपट्टीवरच जात असल्याने मातीचा ओलावा, गवत आणि उन्हाचा परिणाम यांची त्यांना बारकाईने पारख झाली. पुढे गोलंदाज म्हणून हे ज्ञान त्यांच्या फार उपयोगी पडले.

ट्रॉस नावाच्या एका इंग्रज सभासदाने बाळू यांना सरावाच्या जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. थोड्याच काळात सभासदांना त्यांच्या गोलंदाजीची किंमत कळली. हॅम्पशायर परगण्याकडून खेळणारे कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे त्या काळात भारतातील सर्वोत्तम युरोपीय फलंदाज मानले जात. ते इतर सभासदांच्या आधी मैदानावर येऊन बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे देत असत, अशी आख्यायिका आहे. अशा शेकडो तासांच्या सरावातून बाळू यांची गोलंदाजी घडली. मात्र पूना क्लबमध्ये त्यांना फलंदाजीची संधी मिळाली नाही. त्या काळच्या क्लबांत फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि एतद्देशीय नोकराने चेंडू टाकावेत अशी रीत होती.

हिंदू संघात प्रवेश

पुण्यातील हिंदूंच्या क्रिकेट क्लबाला युरोपीयांच्या क्लबाशी बरोबरीने खेळायचे होते. शहरातील सर्वांत प्रभावी फिरकी गोलंदाज पूना क्लबच्या नोकरीत होता, हिंदू होता, पण जातीने चर्मकार होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावरून क्लबात दोन तट पडले. अखेर सामने जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली आणि बाळू यांना संघात प्रवेश मिळाला.

हा प्रवेश सीमारेषेच्या आतपुरताच होता. मैदानावर बाळू यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत, परंतु चहापानाच्या वेळी बाळू यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. भोजनासाठी त्यांचे ताट वेगळे असे आणि बसण्याची जागाही वेगळी असे. हात धुण्यासाठी पाणी द्यायला त्यांच्याच जातीचा नोकर लागे.

बाळू यांच्या गोलंदाजीमुळे पुण्याच्या हिंदूंनी पूना क्लबसह आसपासच्या युरोपीय संघांवर विजय मिळवले. यांपैकी साताऱ्याच्या युरोपीय जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. त्यात बाळू यांनी सात बळी घेतले. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्यासोबत खेळता येते त्याच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत कसली, असा सवाल रानडे यांनी क्लबाच्या सभासदांपुढे ठेवल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. लोकमान्य टिळक यांनीही बाळू यांची प्रशंसा केली. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परविरोधी बाजूंना असलेल्या या दोन नेत्यांनी एकाच खेळाडूचा सन्मान करावा, ही त्या काळच्या पुण्यात लक्षणीय घटना होती.

मुंबईत आगमन

१८९६ साली मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू झाली आणि पुण्यालाही तिने ग्रासले. याच सुमारास पालवणकर बंधू मुंबईत आले. बाळू यांना परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. येथेही प्रवेशाबाबत काही सभासदांनी आक्षेप घेतले होते, परंतु ते टिकले नाहीत. पुढे बाळू यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

मुंबईचे क्रिकेट त्या काळी धर्म व समाज यांच्या आधारे संघटित झाले होते. पारशी समाजाने १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन करून या खेळात सर्वप्रथम पाऊल टाकले, तर १८८६ व १८८८ मध्ये पारशी संघांनी इंग्लंडचे दौरे केले. १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी असे वार्षिक सामने होऊ लागले. हिंदूंना मात्र या मोठ्या सामन्यांत स्थान मिळण्यासाठी १९०६ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

१९०६ चा सामना

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू व युरोपीय यांच्यात सामना झाला. बाळू आणि शिवराम हे दोघेही हिंदू संघात होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, त्याला युरोपीयांनी १९१ धावांनी उत्तर दिले. हिंदूंचा दुसरा डाव १६० धावांत संपल्याने युरोपीयांपुढे विजयासाठी २१२ धावांचे लक्ष्य होते. त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळू यांनी सामन्यात एकूण आठ बळी मिळवले.

बंगालच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते आणि स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. त्यामुळे राज्यकर्त्यांवरील या विजयाला खेळापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. सुधारक विचारांच्या वृत्तपत्रांनी त्यात आणखी एक अर्थ पाहिला. पालवणकर बंधूंना संघात घेण्यासाठी पुणे व मुंबईच्या हिंदूंनी जातिबंधने सैल केली नसती तर हा विजय मिळालाच नसता, असे विवेचन त्या वेळी इंडियन सोशल रिफॉर्मर या साप्ताहिकात आले. मुंबईत पालवणकर बंधू सहकाऱ्यांसमवेत जिमखान्यात बसून भोजन करू लागले होते, याकडेही त्यात लक्ष वेधलेले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी ही संस्था स्थापन केली.

१९०७ पासून युरोपीय, पारशी व हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. पुढे १९३७ मध्ये उर्वरितांचा संघ आल्यावर तिला पंचरंगी सामने म्हटले जाऊ लागले. रणजी करंडक स्पर्धा १९३४ मध्ये सुरू होईपर्यंत भारतातील हीच सर्वांत प्रतिष्ठेची क्रिकेट स्पर्धा होती. तिरंगी व चौरंगी स्पर्धेच्या पहिल्या दशकात हिंदू संघाच्या गोलंदाजीची मुख्य धुरा बाळू यांच्यावर राहिली.

१९११ चा इंग्लंड दौरा

१९११ च्या उन्हाळ्यात पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग त्याचे कर्णधार होते. पूर्वीचे दौरे एकट्या पारशी समाजाचे होते, या संघात मात्र पारशी, हिंदू, मुस्लिम व शीख खेळाडू एकत्र होते. बाळू यांच्यासोबत त्यांचे बंधू शिवराम यांचीही निवड झाली होती.

बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहण समारंभाचे ते वर्ष होते. महाराज प्रकृती व राजशिष्टाचार यांच्या कारणाने बहुतेक सामन्यांना मुकले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सचिव व उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हेही बराच काळ संघाबाहेर राहिले. अनोळखी हवामान, सततचा प्रवास आणि मुरलेले व्यावसायिक प्रतिस्पर्धी यांमुळे संघाची सुरुवातीला वाताहत झाली. एकूण २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राखले. यांतील १४ सामने प्रथम श्रेणीचे होते. त्यांत २ विजय, १० पराभव आणि २ अनिर्णित असा निकाल लागला.

बाळू यांची कामगिरी या पार्श्वभूमीवर उठून दिसते. दौऱ्यातील सर्व सामन्यांत त्यांनी सुमारे १९ धावांच्या सरासरीने ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणी सामन्यांत ७५ बळी त्यांनी २०.१२ च्या सरासरीने घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. संघाने प्रथम श्रेणीतील दोन विजय लीस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांविरुद्ध मिळवले. लीस्टरशायरवरील विजयात बाळू यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, तर सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावांची खेळी केली. त्याच सामन्यात शतक करणारे पारशी फलंदाज माणेक बजाना पुढे सॉमरसेटकडूनच खेळू लागले.

या दौऱ्याच्या वेळी बाळू पस्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा खांदाही दुखत होता. दुसऱ्या बाजूने त्यांना साथ देणारा तोलामोलाचा गोलंदाज क्वचितच असे. परिणामी पराभूत होणाऱ्या संघासाठी त्यांना दिवसचे दिवस दीर्घ मारा करावा लागला. इंग्लंडमधील जाणकारांनी त्यांची गणना जगातील उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत केली. भारतात त्यांची तुलना इंग्लंडचे विख्यात गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी केली जाई.

दौऱ्यावरून परतल्यानंतर मुंबईतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी बाळू यांना अर्पण करण्यात आलेले मानपत्र तरुण भीमराव आंबेडकर यांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. दलित समाजातील एका व्यक्तीने स्वतःच्या गुणांवर देशाबाहेर कीर्ती मिळवल्याचे उदाहरण त्या पिढीपुढे बाळू यांच्या रूपाने उभे राहिले.

कर्णधारपदाचा वाद

अनुभव आणि कामगिरी या दोन्ही निकषांवर १९१० नंतर हिंदू संघात बाळू यांच्या तोडीचा खेळाडू नव्हता. तरीही कर्णधारपद दरवर्षी सवर्ण खेळाडूकडेच जाई. १९१३ मध्ये एम. डी. पै यांची कर्णधारपदी निवड झाली. त्यानिमित्त झालेल्या सत्कारात पै यांनी स्वतःच हा मान ज्येष्ठ असलेल्या बाळू यांना मिळावयास हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. निवड समितीच्या भूमिकेत मात्र फरक पडला नाही.

१९२० साली हा वाद टोकाला गेला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेसाठी निवडलेले कर्णधार पै आजारी पडले. ज्येष्ठतेनुसार नेतृत्व पालवणकर बंधूंपैकी एकाकडे यायला हवे होते. समितीने मात्र पुण्याचे तरुण फलंदाज दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले आणि बाळू यांना संघातूनच वगळले. याच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. केवळ जातीमुळे आपल्या बंधूंना व आपल्याला डावलले जात आहे, हा अपमान सहन करून खेळणे स्वाभिमानाला धरून होणार नाही, अशा आशयाचे निवेदन त्यांनी प्रसिद्धीस दिले. अन्यायाचा ठपका त्यांनी देवधरांवर ठेवला नव्हता, त्यांचा आक्षेप निवड करणाऱ्यांच्या पद्धतीवर होता.

या निवेदनाला वृत्तपत्रांतून व क्रिकेटप्रेमींकडून मोठा पाठिंबा मिळाला. काळही बदलला होता. त्याच वर्षी जानेवारीत मूकनायक सुरू झाले होते, मार्चमध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली होती, आणि वर्षअखेरीस नागपूरच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभा अस्पृश्यतानिवारणाचा पुरस्कार करणार होती. अशा वातावरणात हिंदू जिमखान्याला आपला निर्णय टिकवता आला नाही. तडजोड म्हणून पै पुन्हा कर्णधार झाले, बाळू यांना उपकर्णधार करून संघात परत घेण्यात आले आणि त्यांचे बंधूही परतले. पारशी संघाविरुद्धच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या अवधीत बाळू यांनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळीस वर्षांच्या बाळू यांच्या कारकिर्दीतील हाच शेवटचा मोसम ठरला. पूर्ण सामन्याचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर यांना हिंदू संघाचे कर्णधार नेमण्यात आले. त्या वर्षी हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपीयांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला, तेही याच वर्षी.

खेळशैली

बाळू हे पारंपरिक डावखुरे फिरकी गोलंदाज होते. चेंडूच्या टप्प्यावर त्यांचे असामान्य नियंत्रण होते. चेंडूची गती, उंची आणि वळण यांत ते सतत बदल करीत, मात्र हा बदल फलंदाजाच्या सहज लक्षात येत नसे. पावसाने ओली झालेली व नंतर उन्हाने सुकत चाललेली खेळपट्टी त्यांना विशेष अनुकूल ठरे. अशा खेळपट्टीवर कोणत्या क्षणी चेंडू किती वळेल, याचा त्यांचा अंदाज क्वचितच चुके. तळाच्या क्रमांकाचे उपयुक्त फलंदाज म्हणूनही ते गणले जात.

आकडेवारी

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये बाळू यांनी ३३ सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. फलंदाजीत त्यांनी १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा केल्या, त्यांत ७५ ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या होती.

ही आकडेवारी पाहताना एक बाब लक्षात घ्यावी लागते. त्यांचे प्रथम श्रेणीतील सामने १९०६ पासून सुरू होतात. त्या वेळी ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुण्यातील संपूर्ण उमेदवारी आणि मुंबईतील पहिले दशक, म्हणजे एखाद्या गोलंदाजाच्या बहराची वर्षे, या नोंदींत येत नाहीत. शिवाय १७९ पैकी ७५ बळी, म्हणजे दर पाचांतील दोनांहून अधिक, एकट्या इंग्लंड दौऱ्यातील आहेत. मायदेशी वर्षाकाठी एखाददुसराच प्रथम श्रेणी सामना त्यांच्या वाट्याला येत असे. भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

राजकीय जीवन

खेळातून निवृत्त झाल्यानंतर बाळू यांनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. डॉ. आंबेडकर यांचा उदय होण्यापूर्वी मुंबई इलाख्यातील दलित समाजात बाळू यांच्याइतके सर्वपरिचित नाव क्वचितच होते. प्रारंभी या दोघांमध्ये परस्परांविषयी आदर होता. मात्र समाजाच्या उन्नतीच्या मार्गाबाबत त्यांच्यात पुढे मूलभूत मतभेद निर्माण झाले. हिंदू समाजाच्या चौकटीत राहूनच अस्पृश्यता नष्ट करता येईल, अशी बाळू यांची धारणा होती आणि महात्मा गांधी यांच्या कार्यावर त्यांचा विश्वास होता.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरोधात गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. या काळात एम. सी. राजा आणि बाळू यांनी आंबेडकरांची भेट घेऊन तडजोडीसाठी प्रयत्न केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर इतर नेत्यांबरोबर बाळू यांचीही स्वाक्षरी आहे. या करारानुसार स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ स्वीकारले गेले आणि प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

१९३३ मध्ये बाळू यांनी हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महानगरपालिकेची निवडणूक लढवली, परंतु ते पराभूत झाले. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथील परिषदेत आंबेडकरांनी हिंदू धर्माचा त्याग करण्याचा निर्धार जाहीर केला. बाळू यांनी धर्मांतराच्या या भूमिकेला विरोध केला.

१९३७ मध्ये मुंबई विधानसभेची निवडणूक झाली. आंबेडकर आपल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने भायखळा–परळ भागातील राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळू यांना उमेदवारी दिली. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळू यांना ११,२२५ मते पडली आणि २,०२० मतांनी आंबेडकर विजयी झाले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या खेळाडूच्या गौरवात आंबेडकर सहभागी झाले होते, त्यालाच आता त्यांना मतपेटीतून हरवावे लागले. या निवडणुकीनंतर बाळू सक्रिय राजकारणातून हळूहळू दूर झाले.

मृत्यू

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. त्यांच्यावर सांताक्रूझ येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता आधीच नष्ट केली होती, तर अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र ठरवणारा कायदा बाळू यांच्या मृत्यूच्या अवघ्या महिनाभर आधी, १ जून १९५५ रोजी अमलात आला होता.

मूल्यमापन व वारसा

बाळू हे भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज मानले जातात. विनू मांकड, बापू नाडकर्णी, बिशनसिंग बेदी अशा डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची जी परंपरा भारतात पुढे विकसित झाली, तिच्या आरंभी बाळू यांचे नाव घेतले जाते. कर्तृत्वाच्या मानाने त्यांचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या काळात भारतीय क्रिकेटचा इतिहास सांगताना राजपुत्र रणजितसिंह व कर्नल सी. के. नायडू यांच्यापासून सुरुवात करण्याचा प्रघात पडला. शिवाय आंबेडकरांच्या विरोधात निवडणूक लढवल्यामुळे दलित चळवळीच्या स्मृतीतही बाळू यांना ठळक स्थान उरले नाही.

विठ्ठल पालवणकर यांनी माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. चौघा भावांची जडणघडण, पुणे व मुंबईतील सामने आणि १९२० चा वाद यांविषयीचा हा महत्त्वाचा आधार आहे. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंच्या जीवनाची विस्तृत मांडणी केली. त्यानंतर बाळू यांच्याविषयी नव्याने लेखन व संशोधन होऊ लागले. क्रिकेट आणि जातिव्यवस्था यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करताना त्यांच्या चरित्राचा आज आवर्जून विचार केला जातो.